आजीला आज काहीतरी काम दे

अनेक आशीर्वाद.

तुझी आजीवरची स्क्रिप्ट सावकाश वाचली, आणि मग दिवाळी अंकातली ती मूळ कथा पण परत वाचून काढली, कारण मला बघायचं होतं की कथेतलं काय काय स्क्रिप्टमध्ये आलंय आणि काय बाहेर राहिलंय. फोनवर बोललो असतो, पण हे जरा तपशिलात सांगायचंय आणि तुला परत परत बघता आलं पाहिजे, म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर व्हायला नको. तुला माणसं दिसतात. आजी गोळ्यांची स्ट्रिप कात्रीनं कापून एकेक गोळी वेगवेगळ्या डब्यांत टाकते आणि वर सून विचारते "आई, घेतली का?" तर आधी हो म्हणते आणि मग घेते, हे तू कुठेतरी बघितलेलं आहेस, बसून सुचलेलं नाही ते. असं लिहिणारा मुलगा स्क्रिप्ट लिहू शकतो, यात मला शंका नाही.

पण पहिल्या तीसेक पानांत तुझी आजी खुर्चीत बसलीय, खिडकीतून बाहेर बघतेय, अल्बम उघडतेय, आणि डिझॉल्व्ह टू पास्ट, म्हणजे चित्र विरघळून भूतकाळ सुरू. परत खिडकी, परत डिझॉल्व्ह. मधे मधे व्हॉइसओव्हर, म्हणजे तिच्या मनातलं नुसतं आवाजात. तिला आज काहीच काम नाही. म्हातारी माणसं दिवसभर आठवत बसलेली नसतात रे, त्यांना कामं असतात, दूधवाल्याचा हिशोब असतो, नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा असतो, पाळणाघरातून नातीला आणायचं असतं, आणि आठवणी येतात त्या या सगळ्याच्या मधे, नको त्या वेळी, हातातलं काम तसंच ठेवून. आपल्याकडे म्हातारी बाई पडद्यावर आली की तिला आधी खुर्चीत बसवतात आणि मग फ्लॅशबॅक सुरू करतात, आणि तो फ्लॅशबॅक कितीही सुंदर शूट केला तरी बघणाऱ्याला कळत नाही की बाईला हे आज, याच दिवशी, का आठवतंय.

म्हणून तुला एक फिल्म बघायला सांगणार आहे. 'मिसेस डॅलोवे', 1997 ची. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेच्या 1925 च्या कादंबरीवरची. दिग्दर्शन मार्लीन गोरिस या डच बाईंचं, ज्यांना त्याच्या थोडंच आधी 'अँटोनिया'साठी परभाषेतल्या फिल्मचं ऑस्कर मिळालं होतं, आणि स्क्रिप्ट आयलीन ॲटकिन्सचं, ज्या स्वतः मोठ्या नटी आहेत आणि त्यांनी स्टेजवर खुद्द वुल्फचं काम केलेलं होतं. म्हणजे या लेखिकेची वाक्यं ज्या बाईनं रात्रीमागून रात्री तोंडानं म्हटलीत तिनं ही स्क्रिप्ट लिहिली, हे लक्षात ठेव, कारण कुठलं वाक्य तोंडात बसतं आणि कुठलं फक्त कागदावर, हे अशा माणसाला जास्त कळतं.

गोष्ट तशी काहीच नाही. जून 1923, लंडन, एक दिवस. क्लॅरिसा डॅलोवे, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, खासदाराची बायको, इन्फ्लुएंझातून उठलेली, हार्टला थोडा धक्का बसलेला, आणि आज रात्री तिच्या घरी पार्टी आहे. बस. फुलं आणायचीत, ड्रेस थोडा उसवलाय तो शिवायचाय, पाहुणे येणारेत. आणि या दिवसाच्या पोटात तिचा तीसएक वर्षांपूर्वीचा उन्हाळा आहे, बोर्टन नावाच्या घरातला, जिथे तिनं पीटर वॉल्शला नकार दिला आणि रिचर्ड डॅलोवेला हो म्हटलं, आणि जिथे सॅली सीटन नावाच्या मैत्रिणीनं एका रात्री तिचा मुका घेतला आणि तो क्षण तिला आयुष्यभर पुरला.

आता बघ, पार्टी नसती तर? बाई घरात बसून बोर्टन आठवतेय, एवढंच उरलं असतं. पार्टी आहे म्हणून तिला उठावं लागतं, बाहेर पडावं लागतं, दार वाजतं, माणसं येतात, वेळ संपत येते. कादंबरीचं पहिलंच वाक्य असं आहे की मिसेस डॅलोवे म्हणाली, फुलं मी स्वतःच आणते. पहिल्याच वाक्यात बाईला काम दिलंय! आणि गंमत म्हणजे याच्या आधी वुल्फनं याच बाईवर एक छोटी कथा लिहिली होती, 1923 मध्ये छापून आली ती, त्यात ती फुलं नाही तर हातमोजे आणायला निघते. वस्तू बदलली, पण बाई स्वतः उठून बाजारात निघालीय हे तिनं सोडलं नाही. हातमोजे फक्त तिच्या एकटीचे असते, फुलं पार्टीसाठी आहेत, म्हणजे बाजारातली ती फेरी पण रात्रीच्या पार्टीला जोडली गेली. मला हे असले बदल बघायला फार आवडतात, लेखक कसा विचार करतो ते त्यातून कळतं.

वुल्फनं ही कादंबरी लिहिताना डायरी ठेवली होती. ऑगस्ट 1923 मध्ये ती लिहिते की मी माझ्या कॅरेक्टर्सच्या पाठीमागे गुहा खणतेय, आणि कल्पना अशी की या गुहा आतून एकमेकींना जोडल्या जाव्यात आणि प्रत्येक गुहा उजेडात यावी ती वर्तमानातल्या क्षणी. मग ऑक्टोबरात परत लिहिते की ही पद्धत सापडायला मला वर्षभर चाचपडावं लागलं, भूतकाळ हप्त्याहप्त्यानं सांगायचा, मला जशी गरज पडेल तसा. हे शेवटचं तू मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटव. गरज पडेल तसा. तुझ्या स्क्रिप्टमध्ये भूतकाळ गरज पडेल तसा येत नाही, तो क्रमानं येतो, आजी सात वर्षांची, मग बाराची, मग सोळाची, मग लग्न. तो तिच्या आयुष्याचा क्रम झाला, तिला आज काय पाहिजे याचा त्यात पत्ताच नाही.

आणि तुझ्या मूळ कथेत तर अशी पार्टी, म्हणजे आजीचं आजचं काम, तयार आहे! तू ती वाचून पुढे गेलास. कथेच्या दुसऱ्या पानावर एक परिच्छेद आहे, भाचा येतो, तासगावकडची द्राक्षाची जमीन आहे माहेरची, आणि म्हणतो "आत्या, फक्त एक सही पाहिजे." हक्कसोड पत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. उद्या सकाळी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जायचंय, गाडी मी घेऊन येतो. तू स्क्रिप्टमध्ये याचा अर्धा सीन केलायस आणि तो पण बाविसाव्या पानावर, भाचा चहा पिऊन जातो. अरे हा तुझा पहिला सीन आहे. हीच तुझी आजची गोष्ट आहे. आज दुपारी भाचा येऊन गेला, उद्या अकरा वाजता सही करायची, आणि मधे एक संध्याकाळ आणि एक रात्र. आता आजीला आठवू दे काय आठवायचं ते, आता प्रत्येक आठवणीला वजन आहे, कारण प्रत्येक आठवण सही कर किंवा करू नको यातलं काहीतरी म्हणतेय.

या कागदाच्या मागचं थोडं समजून घे, कारण भाचा आत्ताच का आला हे तुला माहीत असलं पाहिजे, डायलॉगमध्ये नाही आलं तरी चालेल. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. म्हणजे तुझ्या आजीचं लग्न 1968 चं, ती त्यातून बाहेर. मग 2005 ला केंद्राचा कायदा बदलला, त्यात लग्नाची ती अट नव्हती, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 चा बदल लागू झाला त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. म्हणजे जिला पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही तिच्या सहीशिवाय आता जमिनीचा व्यवहार अडतो. आयुष्यभर माहेरी पाहुणी म्हणून गेलेली बाई म्हातारपणी अचानक महत्त्वाची होते, आणि महत्त्वाची का, तर हक्क सोडायला. हे कथा लिहिणाऱ्या बाईंना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्यांनी तो परिच्छेद इतक्या वर, दुसऱ्याच पानावर ठेवलाय.

आता हप्ता कसा द्यायचा ते एका जागेवर दाखवते. भाचा चहा घेताना सहज म्हणतो की विहिरीला पाणी राहिलं नाही, दोन बोअर मारले, एक फेल गेलं. तुझ्या स्क्रिप्टमध्ये तेराव्या पानावर एक स्वतंत्र फ्लॅशबॅक आहे, आजीची आई हातातल्या पाटल्या काढून देते आणि त्या पैशात विहीर खणली जाते. चांगला सीन आहे, पण तो तिथे नुसता पडलाय, आईच्या त्यागाचा सीन म्हणून. तो उचल आणि भाच्याच्या त्या वाक्याला लाव. पूर्ण पण नको दाखवू. भाचा म्हणतो विहिरीला पाणी नाही, आणि आपल्याला दिसतात नुसते आईचे दोन हात, साबण लावून पाटली सरकवतायत, निघत नाहीये, आणि छोटी मुलगी तांब्यातनं पाणी ओततेय. कट बॅक. आजी भाच्याला विचारते, साखर कमी नाही ना झाली? बघणाऱ्याला अजून काहीच कळलेलं नाही, फक्त कळलंय की विहीर म्हटल्यावर बाईच्या आत काहीतरी हललं. त्या पाटल्या कशासाठी निघाल्या ते रात्री कळू दे. आणि त्या पाटल्या आजीला लग्नात मिळायच्या होत्या, हे सगळ्यात शेवटी.

वुल्फची अशी एक जागा आहे ती मी तुला वाचून दाखवली असती, पण आता लिहूनच सांगते. पीटर वॉल्श सकाळी अकराला न सांगता घरी येतो, भारतातून परत आलेला, इतक्या वर्षांनी. (तिकडे भारतात त्यानं आपल्या जिल्ह्यात नवीन नांगर काढला होता, इंग्लंडहून हातगाड्या मागवल्या होत्या आणि मजुरांनी त्या वापरल्याच नाहीत, हे सगळं त्याच्या मनात आहे आणि क्लॅरिसाला त्यातलं काडीचं माहीत नाही. एका ओळीत दोन माणसांच्या मधली सगळी वर्षं आली.) ती बसलीय हिरवा ड्रेस शिवत, हातात सुई, बाजूला कात्री. आणि तो खिशातला चाकू काढतो आणि उघडबंद करत बसतो, तरुणपणापासूनची सवय. बोलतायत अगदी साधं, कसा आहेस, कशी आहेस, पण हातात बघ काय आहे दोघांच्या. मग ती विचारते, तुला तळं आठवतं? आणि हे विचारता विचारता तिच्या आत दोन वयं एकदम उभी राहतात, एक आईवडिलांच्या मधे उभी राहून बदकांना पाव टाकणारी लहान मुलगी, आणि एक मोठी बाई जी त्याच तळ्याकाठी उभ्या आईवडिलांकडे चालत येतेय आणि हातात धरून आणलंय आपलं आख्खं आयुष्य, आणि ते त्यांच्यापुढे ठेवून म्हणतेय, हे असं केलं मी त्याचं, हे! मी ही जागा कितीही वेळा वाचली तरी थांबते. थोड्या वेळानं पीटर रडायला लागतो, ती त्याचा हात धरते, तिला क्षणभर वाटून जातं की याच्याशी लग्न केलं असतं तर हा आनंद रोजचा असता, आणि पुढच्याच क्षणी ते सगळं ओसरतं. तो तिचे खांदे धरून विचारतो, तू सुखी आहेस का क्लॅरिसा? रिचर्ड तुला... आणि दार उघडतं, मुलगी आत येते. उत्तर नाही. उत्तर द्यायची वेळच वुल्फ येऊ देत नाही, आणि म्हणून तो प्रश्न रात्रीपर्यंत जिवंत राहतो.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये नात आजीला विचारते, आजी, तू सुखी होतीस का? आणि आजी दीड पान उत्तर देते. ते दीड पान काढ. दार उघड आणि कोणालातरी आत आण.

आता व्हॉइसओव्हरचं. फिल्ममध्ये आहे व्हॉइसओव्हर, आणि माझं स्पष्ट मत की सुरुवातीला, ती रस्त्यातून चालते तेव्हा, तो थोडा जास्त आहे, क्लॅरिसा झालेल्या व्हनेसा रेडग्रेव्हच्या चेहऱ्यावर जे आधीच दिसतंय ते कानात परत सांगितलं जातं. पण शेवटाकडे, पार्टीत कळतं की एका तरुणानं खिडकीतून उडी मारून जीव दिला, आणि क्लॅरिसा पाहुण्यांतून उठून एकटी बाजूच्या खोलीत जाते, खिडकीपाशी, तिथे तिचा आवाज येतो तो हवाच होता. फरक बघ काय आहे, सुरुवातीला ती एकटी असते तरी बोलू शकत असते, शेवटी ती अशा ठिकाणी आलीय की मनातलं हे घरातल्या एकाही माणसाला सांगता येणार नाही. व्हॉइसओव्हर तिथेच ठेवायचा, जिथे ऐकायला दुसरं माणूसच शिल्लक नाही. तुझ्याकडे चौदा व्हॉइसओव्हर आहेत. एक ठेव. कुठला ते तू ठरव.

तो तरुण, सेप्टिमस, पहिल्या महायुद्धातून आलेला, डोक्यावर परिणाम झालेला, क्लॅरिसाला कधी भेटतच नाही. आधी कादंबरीत तो नव्हताच. वुल्फनंच 1928 च्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय की पहिल्या आराखड्यात हा माणूस नव्हता, आणि पार्टीच्या शेवटी क्लॅरिसाच जीव देणार होती किंवा नुसती मरणार होती. मग हे मरण तिनं काढून दुसऱ्या, अनोळखी माणसाला दिलं, आणि क्लॅरिसाला जगवलं, पार्टीत परत पाठवलं. फिल्म सुरूच होते ती सेप्टिमसपासून, 1918, इटली, खंदक, आणि त्याचा मित्र त्याच्या डोळ्यांसमोर मरतो. पुस्तकात हे खूप उशिरा आणि तुकड्यांत कळतं. मला आधी वाटायचं की हे इतकं उघड कशाला, पण स्क्रिप्ट म्हणून विचार केला तर पटतं, कारण पुस्तकात आपण सेप्टिमसच्या डोक्यात असतो, फिल्ममध्ये आपण बाकावर त्याच्या समोर असतो, आणि कारण माहीत नसेल तर पार्कात पुटपुटणारा माणूस बघून लोक फक्त घाबरतात. तेव्हा मूळ कथेचा क्रम मोडायला भिऊ नकोस. पण तुझ्या फिल्ममध्ये असा कोणी दुसरा माणूस घुसडू पण नकोस, तुझ्या कथेला त्याची गरज नाही.

वुल्फ स्वतः अशा फिल्म्सबद्दल काय म्हणायची तेही ऐक, कारण ते तुझ्या स्क्रिप्टला नेमकं लागू पडतं. 1926 मध्ये, म्हणजे या कादंबरीच्या पुढच्याच वर्षी, तिनं सिनेमावर एक निबंध लिहिला. त्यात ती टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना' या कादंबरीवरच्या फिल्मबद्दल म्हणते की डोळा सांगतो ही बघ ॲना, काळ्या मखमलीतली, गळ्यात मोती घातलेली बाई, आणि मेंदू म्हणतो ही ॲना असेल तर मग व्हिक्टोरिया राणी पण ॲना, कारण मेंदूला ॲना माहीत असते ती तिच्या मनाच्या आतून. आणि पुढे म्हणते, या फिल्मवाल्यांकडे चुंबन म्हणजे प्रेम, फुटलेला कप म्हणजे मत्सर, हसरं तोंड म्हणजे सुख, आणि मरण म्हणजे प्रेत नेणारी गाडी. आता तुझी स्क्रिप्ट उघड. पाऊस म्हणजे प्रेम. फुटलेली बांगडी म्हणजे वैधव्य. विझलेली समई म्हणजे सासऱ्यांचा मृत्यू. हे तुझं नाहीये, हे तू बघितलेल्या शंभर सिनेमांतून आलंय, आणि गोळ्यांची स्ट्रिप कापणारी आजी तुझी आहे. याच निबंधात ती 'डॉ. कॅलिगारी' या जर्मन मूकपटाच्या खेळातली एक गोष्ट सांगते, पडद्याच्या कोपऱ्यात एक बेडकाच्या पिल्लासारखी सावली आली, फुगली, थरथरली आणि गेली, ती बहुतेक चुकूनच आलेली होती, पण तिला वाटलं की भीती ती हीच, "मला भीती वाटते" या शब्दांपेक्षा जास्त खरी. म्हणजे तिला सिनेमा नको होता असं अजिबात नाही. तिला हवं होतं की कॅमेऱ्यानं स्वतःचं काहीतरी शोधावं. साबण लावलेले हात आणि न निघणारी पाटली हे माझ्या मते त्या जातीचं आहे, आणि ते तुझ्याच स्क्रिप्टमध्ये होतं, मी फक्त जागा बदलली.

कास्टिंगबद्दल तू विचारलं होतंस, तरुण आजी आणि म्हातारी आजी एकसारख्या दिसायला हव्यात का. रेडग्रेव्ह तेव्हा साठीच्या आसपास होत्या, आणि तरुण क्लॅरिसा झालेली नताशा मॅकएल्होन काही त्यांची झेरॉक्स नाही, चेहरेपट्टी तितकीशी जुळत नाही. पण आपण दोन मिनिटांत मान्य करतो. तू नाक डोळे जुळवत बसू नकोस, एखादी हाताची लकब जुळव. तुझी आजी बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते असं तू एकदाच लिहिलंयस, तेच घे आणि सोळा वर्षांच्या मुलीला ओढणीशी ते करू दे. आणि भूतकाळाला वेगळा रंग द्यायचा की नाही हे कॅमेरामनबरोबर बसून ठरव. श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त, 1977 ची, हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर केलेली, नायिकेचं लहानपण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आहे आणि ते तिथे शोभतं कारण ती गोष्टच सिनेमातल्या बाईची आहे, सिनेमा जसा बदलला तशी तिची आठवण बदलते. 'मिसेस डॅलोवे'मध्ये बोर्टनला ऊन आणि पांढरे कपडे आहेत, इतकं सगळं उजळ की कधीकधी मला ते कॅलेंडरसारखं गोड वाटतं. तुझ्याकडे सेपिया, तो जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग, नको एवढंच म्हणेन. तासगावच्या उन्हाला सेपियाची गरज नाही.

आणखी एक, आणि यावर मला जरा ठामपणे बोलायचंय. तुझी आजी फार चांगली आहे. सगळं सोसलं, सगळ्यांना माफ केलं. क्लॅरिसा अशी नाही. तिला गरीब, कंटाळवाणी एली हेंडरसन पार्टीला नकोच असते. मुलीची शिक्षिका मिस किलमन तिला इतकी सलते की स्वतःच्या द्वेषाची तिलाच भीती वाटते. आपल्या पार्ट्यांना कोण आलं, कोण नाही, याचं तिला भारी पडलेलं असतं. आणि तरी आपण तिच्या बरोबर राहतो, कारण ती पूर्ण आहे. पीटरला नकार दिल्याचा पश्चात्ताप पण तिला सरळसोट होत नाही, ती पार्कातून चालता चालता अजून त्याच्याशी भांडतेय, मनातल्या मनात, की माझंच बरोबर होतं, लग्नात थोडी मोकळीक लागते, ती रिचर्डनं दिली, तू दिली नसतीस. तीस वर्षांनी अजून केस चालू आहे आणि दोन्हीकडचे वकील तीच. तुझ्या आजीला पण एखादी आढी असू दे. धाकट्या बहिणीनं आधीच सही करून टाकली म्हणून ती बहिणीवर चिडलेली असू दे, आणि ती चीड खरी कशाबद्दल आहे, सहीबद्दल की बहिणीच्या बंगल्याबद्दल, हे तिलाही नक्की माहीत नसू दे.

वाचनालयातल्या त्या मुलाचं प्रकरण कमी कर. कथेत त्याला अर्धं पान आहे, तू वीस पानं दिलीस. मला कळतं का दिलीस, तू पंचवीस वर्षांचा आहेस, तुला ते लिहायला आवडलं. पण म्हाताऱ्या बाईच्या भूतकाळात फक्त एक हुकलेला मुलगाच असतो असं नाही. विहीर असते, शिक्षण सुटलेलं असतं, आईचा चेहरा असतो, एखादी मैत्रीण असते. ठेवायचाच असेल तो मुलगा तर त्याला आज घेऊन ये. सॅली सीटन आठवणीत कशी आहे, सिगार ओढणारी, फुलांची डोकी कापून पाण्याच्या वाडग्यात तरंगवणारी, बंडखोर. आणि रात्री पार्टीला न बोलावता येऊन टपकते ती लेडी रॉसेटर, मँचेस्टरच्या गिरणीमालकाची बायको, पाच धिप्पाड मुलांची आई, त्याचा अभिमान असलेली. पुस्तक तिची कीव करत नाही, फिल्मही करत नाही, ती सुखात आहे. आठवणीतलं माणूस दारातून आत येतं आणि आठवणीसारखं नसतं, याच्याइतका जबरदस्त सीन तुला कुठला फ्लॅशबॅक देणार नाही. तुझा वाचनालयातला मुलगा उद्या निबंधक ऑफिसात स्टॅम्प व्हेंडर म्हणून बसलेला असेल, किंवा कोणाचातरी साक्षीदार म्हणून आलेला असेल, आणि आजी त्याला ओळखेल आणि तो ओळखणार नाही, किंवा उलट. बघ विचार करून.

आता पुढचं काम. फिल्म आधी बघ, पुस्तक नंतर वाच, उलट केलंस तर बघताना नुसतं काय गाळलं ते मोजत बसशील. मग एखाद्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन बस, सकाळी दहापासून. तिथे म्हाताऱ्या बायका कशा बसतात, त्यांना कोण आणतं, फोटो काढताना आणि अंगठा लावताना त्यांच्याशी कोण कसं बोलतं, सही झाल्यावर कोण कोणाला पाणी विचारतं, ते बघ आणि लिहून घे. तुझा शेवटचा सीन तिथे आहे, घरात नाही. ती सही करते की नाही हे आत्ता ठरवू नकोस आणि मला सांगू पण नकोस, ड्राफ्ट लिहिता लिहिता ते ठरू दे.

आणि हो, लेखिकेची परवानगी फोनवर मिळालीय म्हणालास, ते पुरत नाही. कथेचे हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं त्याच्याकडे किंवा वारसांकडे असतात, तेव्हा साधा दोन पानी करार का होईना पण लेखी कर, आणि त्यात क्रम बदलायची, प्रसंग गाळायची मोकळीक स्पष्ट लिहून घे. त्यांना भेटायला जाशील तेव्हा हक्कसोड पत्राचा परिच्छेद पहिला सीन करतोय हे त्यांना आधी सांग, बघ त्या काय म्हणतात. मला वाटतं त्या खूश होतील. नवीन ड्राफ्टची पहिली दहा पानं झाली की पाठव, पूर्ण होईपर्यंत थांबू नकोस.

कळावे,
तुझी ताई